बोटीचा पंखा: अ‍ॅल्युमिनियम घ्यावा की स्टेनलेस?

बोटीच्या प्रोपेलरविषयी मराठीत शोधलं तर फार काही हाताला लागत नाही. इंग्रजीत भरपूर आहे, पण ते सगळं समुद्रात मासे धरणाऱ्यांचं नाहीतर तळ्यात हौसेनं बोट पळवणाऱ्यांचं. पुराच्या पाण्यात उसाच्या फडावरून, विहिरींच्या कट्ट्यांवरून आणि तारेच्या कुंपणावरून बोट न्यायची असेल तर कुठल्या धातूचा पंखा घ्यावा, हे त्यात कुणी सांगत नाही. आमच्या मंडळाला हे ठरवायला जुलै २०२४ ते मे २०२५ एवढा काळ लागला. कृष्णाकाठच्या, दूधगंगा-वेदगंगाकाठच्या गावांत आता बऱ्याच ठिकाणी वर्गणीच्या बोटी आल्यात, म्हणून घडलं तसं लिहून ठेवते.

आमचं गाव कर्नाटकात, चिक्कोडी तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. २०१९ च्या महापुरानंतर गावानं आणि पुण्या-मुंबईला असलेल्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून सोळा फुटी फायबरची बोट आणि ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन (बोटीच्या मागं बाहेरून लावायचं इंजिन) घेतलं. बोट मंडळाच्या नावावर आहे, मंडळ नोंदणीकृत आहे आणि मी त्याची खजिनदार. माझं शिक्षण कॉमर्सचं. बोटीशी माझा संबंध पेट्रोलच्या पावत्यांपुरता होता. बोट चालवतात ते आप्पा. त्यांचं सगळं आयुष्य नदीवर गेलंय, आधी काहिलीत (गुळाच्या मोठ्या कढईत बसून) आणि आता या मशीनवर.

जुलै २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात कोयनेचा विसर्ग वाढला आणि पंचगंगाही फुगली. दरवर्षीप्रमाणं कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, सदलगा-बोरगाव, कारदगा-भोज असे बंधारे एकेक करून पाण्याखाली गेले. मळ्यातल्या वस्त्यांवरून माणसं, दुधाचे कॅन, वैरणीचे भारे आणायचं काम सुरू झालं. अशाच एका खेपेत उसाच्या शेंड्यांवरून येताना खाली काहीतरी टणक लागलं. विहिरीचा कट्टा असावा. मशीन उसळलं, आवाज चढला आणि बोट थरथरायला लागली. आप्पांनी मशीन लगेच बंद करून वर उचललं. तीनपैकी एका पात्याचं टोक मुडपलं होतं, दुसऱ्याच्या कडेचा टवका उडाला होता.

"पंखा गेला बघा ताई," ते म्हणाले. "पर पंखाच गेलाय. मशीन शाबूत हाय."

तेव्हा हे वाक्य मला नुसतं धीर देणारं वाटलं. मागाहून सगळा निर्णय त्याच्यावरच फिरला. त्या दिवशी उरलेल्या खेपा निम्म्या वेगानं झाल्या, कारण जादा पंखाच नव्हता.

पाणी ओसरल्यावर, सप्टेंबरमध्ये पंखा घेऊन मी बेळगावात उद्यमबागेत गेले. तिथं अ‍ॅल्युमिनियमचं आर्गन वेल्डिंग करणारे चांगले लोक आहेत. मिस्त्रींनी पंखा लाकडी टेबलावर उताणा ठेवला आणि एका शाबूत पात्याच्या कडेला पट्टी लावून ती मुडपलेल्या पात्यावर नेऊन पाहिली. कुठं किती फरक आहे ते खडूनं लिहिलं. मग पातं तापवून हळूहळू बसवलं, टवक्याच्या जागी भर घातली आणि कानसेनं घासत बसले. कानसेचे चार फटके, की पट्टी. पुन्हा चार फटके, की पट्टी. बिल १,८०० रुपये झालं. देताना त्यांनी स्वच्छ सांगितलं, "मॅडम, दिसायला पहिल्यासारखं झालंय, पण वेल्डिंगजवळचा धातू आता मऊ पडलाय. जादा म्हणून ठेवा, भरवशाचा म्हणून नको." असं आपणहून सांगणारा माणूस भेटला की काम पुन्हा त्याच्याकडंच न्यावंसं वाटतं.

तिथंच शेजारच्या एका फौंड्रीवाल्यांनी पंखा पाहिला आणि म्हणाले, असाच्या असा स्टेनलेसमध्ये ओतून देतो, कंपनीच्या निम्म्या किमतीत. मोह होण्यासारखी गोष्ट होती. पण स्टेनलेसचे पंखे मेणाचा साचा करून ओततात. तिन्ही पात्यांचा पिच (एका फेऱ्यात पंखा किती पुढं रेटतो ते माप) सारखा यावा लागतो, बॅलन्स नीट लागतो, आणि मधल्या भागाचे, म्हणजे हबचे, दात मशीनच्या शाफ्टवर, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्यावर, तंतोतंत बसावे लागतात. त्यातलं काही चुकलं तर मिनिटाला अडीच हजार फेरे घेणारी ती वस्तू गिअरबॉक्सची वाट लावणार. चहा घेऊन निघाले.

दसरा झाल्यावर आम्ही मशीनचा खालचा भाग, म्हणजे गिअरकेस, उतरवला. गिअर ऑइल काढलं तर ते पांढुरकं निघालं. पाणी शिरलं की ते असं दिसतं. गिअरकेस पोत्यात गुंडाळून गाडीच्या डिकीत टाकला आणि चोर्ला घाटातून गोव्याला गेलो. आउटबोर्डचं काम रोज करणारं वर्कशॉप आम्हाला त्यातल्या त्यात तिथंच जवळ. जायच्या आधी फोन करून ऑइल सील शिल्लक आहेत का ते विचारून घ्या, नाहीतर घाट दोनदा चढावा लागतो.

मेकॅनिकनं पंख्यामागचा थ्रस्ट वॉशर काढला आणि शाफ्टभोवती गुंडाळलेली नायलॉनची दोरी चिमट्यानं ओढून बाहेर काढली. मासे धरायच्या जाळीचा धागा. तो वॉशरच्या मागं जाऊन बसतो आणि सील कापत राहतो, बाहेरून काही दिसत नाही. मग शाफ्टला डायल गेज लावून त्यानं तो हातानं फिरवला. काटा जागेवरून हलला नाही म्हणावं इतकाच हलला. शाफ्ट सरळ होता. सील, प्रेशर टेस्ट, नवं ऑइल मिळून ४,२०० रुपये लागले.

मग त्यानं कोपऱ्यातला दुसराच एक गिअरकेस दाखवला. त्यावर स्टेनलेसचा पंखा होता, खडकावर आपटलेला. पात्याच्या कडेला नुसता ओरखडा. शाफ्ट मात्र वाकलेला, गेजचा काटा इकडून तिकडं झुलत होता, आणि आत गिअरचे दातही गेलेले. तो दुरुस्तीचा खर्च पंख्याच्या किमतीपेक्षा बराच वर जाणार होता.

दोन्ही धातूंची गोष्ट त्यानं तिथं उभ्या उभ्या सांगितली. नंतर मी वाचलंही, आणि त्यातलं काही खोटं निघालं नाही. स्टेनलेस पुष्कळ मजबूत, म्हणून त्याची पाती पातळ करता येतात. पातळ पातं पाणी कमी अडवतं. जोर पडला तरी ते वाकत नाही, त्यामुळं पिच तेवढाच राहतो आणि वेग थोडा जास्त मिळतो. अ‍ॅल्युमिनियमचं पातं जाड ठेवावं लागतं आणि पूर्ण जोरावर ते किंचित लवतं. पण हा फरक दीडशे-दोनशे हॉर्सपॉवरच्या मशीनवर मोठा, चाळीसवर थोडा. वाळू-गाळाच्या पाण्यात स्टेनलेसची कड लवकर झिजत नाही, हाही त्याचा गुण, आणि पावसाळ्यातली कृष्णा म्हणजे गाळच. उलट बाजूला, स्टेनलेस जड. गिअर टाकताना खट्कन आवाज येतो तो त्या वजनाचा, आणि तो भार क्लचवर पडतो. आपटल्यावर अ‍ॅल्युमिनियमचं पातं मुडपतं आणि धक्का बराचसा स्वतः खातं. स्टेनलेसचं मुडपत नाही, म्हणून धक्का पुढं शाफ्टकडं जातो.

दोन्ही पंख्यांत मधे रबरी हब असतो आणि जोराचा धक्का बसला की तो आतल्या आत घसरावा अशी रचना असते, हेही खरं. कंपन्या म्हणतात की त्यानं गिअर वाचतात. बहुतेक वेळा वाचतही असतील. तो कोपऱ्यातला गिअरकेस मात्र मी डोळ्यांनी पाहिला होता. हब घसरलाय का ते ओळखायची एक सोपी युक्ती त्यानं दिली: हबच्या आतल्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत पेंटनं एक सरळ रेघ मारून ठेवायची. मशीन ओरडतंय आणि बोट सरकत नाही असं झालं की रेघ पाहायची. तुटलेली दिसली तर हब गेला.

किमती त्यानं कागदावर लिहून दिल्या. कंपनीचा अ‍ॅल्युमिनियम पंखा १०,५०० च्या आसपास, दुसऱ्या बनावटीचा साडेपाच-सहा हजार, स्टेनलेस ३४,०००. हे सगळं जीएसटी सोडून.

नोव्हेंबरच्या बैठकीत मला वाटलं होतं तेवढ्या सहजपणे हा विषय सुटला नाही. पोरांचं म्हणणं स्टेनलेसच घ्यायचा, "एकदाच काय तो खर्च, परत बघायला नको." त्यात पुण्याच्या एका देणगीदारांनी फोनवर सांगितलं की स्टेनलेस घेणार असाल तर सगळे पैसे मी देतो. म्हणजे पैशांचा मुद्दाच संपला. फुकट मिळणारी महाग वस्तू नको म्हणायची तर कारण तसंच भक्कम हवं. एका जुन्या पंख्याच्या जोरावर आणि गोव्याच्या गप्पांवर ते होत नव्हतं. शेवटी आप्पाच म्हणाले, "बांधून बघूया की आधी. उगं तोंडानं कशाला."

एका सभासदाच्या मेहुण्यांची मालवणला पर्यटकांना फिरवायची बोट आहे, मशीन आमच्याच जातीचं. त्यांच्याकडं स्टेनलेसचा पंखा होता, आमच्यासारखाच १३ पिचचा. हंगाम असूनही त्यांनी जानेवारीत तो थोड्या दिवसांसाठी दिला. आमच्या शाफ्टला १३ दात आहेत, त्यांच्या हबलाही तेवढेच. दुसऱ्याचा पंखा आणण्याआधी फोटो मागवून दात मोजून घ्या, नाव एक असलं तरी मॉडेलप्रमाणं बदलतात.

जानेवारी निवडला त्याला कारण होतं. पावसाळा सरला की बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि मागं पाणी तुंबून राहतं. नदी जवळजवळ थांबलेली असते, खोलीही चांगली असते. पुरात किंवा वाहत्या पाण्यात वेग मोजला तर त्यात प्रवाहाचा वेग मिसळतो. तरीही आम्ही प्रत्येक चाचणी वर आणि खाली अशी दोन्हीकडून घेतली आणि सरासरी काढली. वेग मोबाईलच्या जीपीएसवर. मशीनचे फेरे मोजायला १,४०० रुपयांचा छोटा टॅकोमीटर मागवला, त्याची वायर स्पार्क प्लगच्या केबलला गुंडाळायची की झालं. एवढ्या दिवसांत या खेळात घातलेल्या पैशांपैकी हे चौदाशे सगळ्यात सत्कारणी लागले.

मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की पूर्ण थ्रॉटलला फेरे किती ते किती असावेत. आमच्या पुस्तकात ४,५०० ते ५,५००. पूर्ण थ्रॉटलला फेरे त्याखाली राहिले तर मशीन ओझ्याखाली दबतंय, त्यावर गेले तर मोकळं पळून तापतंय.

आधी मोकळी बोट, दोन माणसं. अ‍ॅल्युमिनियमचा नवा पंखा (तोही १३ पिचचा, सदलग्याच्या एका मित्रमंडळाकडून उसना) ५,१०० फेऱ्यांना ताशी ३७ किलोमीटर. स्टेनलेस ५,०५० फेऱ्यांना ३९. पोरं खूश. मग बोटीत माणसं बसवली, पुरात असतात तेवढी, वर दोन पोती. अ‍ॅल्युमिनियम ४,४०० ला २४. स्टेनलेस तेवढ्याच फेऱ्यांना २५.

आप्पा काठावर उतरून म्हणाले, "ह्यो चकचकीत मोकळा लई पळतोय. पर मानसं बसली की दोगंबी तसलेच. आन् आमी मोकळं कवा जातोय?"

मी वहीत आकडे बघत होते. भरल्या बोटीत दोन्ही धातू ४,४०० ला अडकत होते, म्हणजे पुस्तकातल्या खालच्या मर्यादेच्याही खाली. आमचा घोळ धातूचा नव्हताच. पिच जास्त होता. इतके महिने आम्ही अ‍ॅल्युमिनियम की स्टेनलेस म्हणून भांडत होतो आणि मशीन बिचारं पाच वर्षं वरच्या गिअरात नांगर ओढत होतं.

पिच म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्यात बोट हिशोबानं किती इंच पुढं जायला हवी तो आकडा. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. हिशोब असा: फेरे गुणिले पिच गुणिले ०.००१५२४, त्याला गिअर रेशोनं भागायचं, येतो तो ताशी किलोमीटरमधला कागदावरचा वेग. आमचा रेशो २, म्हणजे मशीनचे दोन फेरे झाले की पंखा एकदा फिरतो. मोकळ्या बोटीत अ‍ॅल्युमिनियमला कागदावर साडेपन्नास येतात, प्रत्यक्ष ३७, म्हणजे सव्वीस-सत्तावीस टक्के घसरण. भरल्या बोटीत कागदावर साडेत्रेचाळीस आणि प्रत्यक्ष २४. निम्म्याजवळ पाणी नुसतं घुसळलं जात होतं. पिच एक इंच उतरवला की फेरे साधारण दीडशे ते दोनशे वाढतात, असा मेकॅनिकांचा ठोकताळा आहे. म्हणजे दोन इंच उतरवून ११ पिच घेतला तर भरल्या बोटीत आपण ४,८०० च्या आसपास, मर्यादेत. मोकळी असताना ५,५०० च्या टोकाला जाईल, तेव्हा हात थोडा आवरायचा.

फेब्रुवारीच्या बैठकीत मी हे आकडे फळ्यावर लिहिले. पोरांनी भांडण केलं नाही. एकानं विचारलं, मग ११ पिचचा स्टेनलेस घेऊ. तेव्हा दोन गोष्टी ठेवल्या. पहिली: आमचं पाणी पुराचं, तळ दिसत नाही, काहीतरी लागणार हे धरूनच चालायचं. लागल्यावर साखळीतली कुठली वस्तू तुटलेली परवडेल, तर जी आपण बोटीतच काही मिनिटांत बदलू शकतो ती. शाफ्ट वाकला तर त्या पुरापुरती बोट गेलीच, रस्ते बंद असताना गोव्याला कोण नेणार? दुसरी: एका स्टेनलेसच्या किमतीत अ‍ॅल्युमिनियमचे तीन येतात. ठराव झाला: ११ पिचचे दोन, एक चढवायला, एक जादा.

पुण्याच्या देणगीदारांना फोन करायचं काम माझ्यावर आलं. मी दोन दिवस टाळलं. त्यांना ते वाकड्या शाफ्टचे आणि फळ्याचे फोटो पाठवले आणि मग बोलले. ते थोडे हिरमुसले, पण म्हणाले, तुम्ही मोजून ठरवलंय ना, मग ठीक. एका पंख्याचे आणि लाइफ जॅकेटांचे पैसे त्यांनी पाठवले.

पुढचा भाग कागदांचा. आमच्या मंडळाच्या नियमात दहा हजारांवरच्या खरेदीला तीन कोटेशन लागतात. ठराव आम्ही मराठीत लिहितो, पण बँकेला आणि हिशोब तपासनीसांना कन्नडमध्ये लागतो, म्हणून हायस्कूलच्या सरांकडून कन्नड प्रत करून घेतली आणि दोन्ही प्रतींवर सह्या घेतल्या. कोटेशन मागवताना नुसतं "प्रोपेलर" लिहू नका. मशीनचं मॉडेल आणि क्रमांक, पात्यांची संख्या, व्यास, पिच, दातांची संख्या, हब आतच बसवलेला की वेगळा, आणि जीएसटी वेगळा दाखवून, एवढं लिहून द्या. आमच्याकडं आलेल्या पहिल्या कोटेशनवर फक्त "बोट फॅन १ नग" होतं. ते तुलनेला उपयोगी नव्हतं, परत पाठवलं. बिल मंडळाच्या नावानंच घ्या, माणसाच्या नावानं नको. बोटींच्या पंख्यांचा एचएसएन क्रमांक (जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराचा क्रमांक) ८४८७ मध्ये येतो. तो बिलावर असला की तपासनीस "हे कसलं स्पेअर" म्हणून विचारत नाहीत. गोव्यातून माल आला तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी, लागतो. रक्कम पन्नास हजारांच्या आत असल्यानं ई-वे बिलाची भानगड नव्हती.

बँकेत अध्यक्षांची सही जुळेना. नमुना सही सहा वर्षांपूर्वीची, मधे त्यांच्या हाताचं ऑपरेशन झालेलं. नवीन नमुना सही, त्याला ठराव, ठरावाला पुन्हा कन्नड प्रत. मार्चचा पहिला पंधरवडा यात गेला. तुमच्या मंडळात ज्यांच्या सह्या चालतात त्यांच्या नमुना सह्या पावसाळ्याच्या आत एकदा बँकेत पाहून या, मोटार जळाल्यावर नको.

पैसे गेले मार्चच्या मध्यावर. ११ पिचचे पंखे साठ्यात नव्हते. समुद्रावरची मंडळी बहुतेक १२-१३ घेतात, म्हणून कमी पिच मागवावा लागतो. एप्रिलच्या शेवटी ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं बेळगावला खोका आला. तिथं ऑफिसमध्येच उघडला, कारण गावी नेऊन उघडायचा आणि मग परत आणायचा म्हणजे दिवस मोडतो. एक ११ चा, दुसरा १२ चा! पावतीवर दोन्ही ११. आकडे हबच्या कडेला कोरलेले असतात, धूळ पुसून बघा. तिथल्या तिथं फोटो पाठवला. बदली यायला मे उजाडला. मधल्या काळात तालुक्याच्या पूरपूर्व बैठकीसाठी बोटींची यादी मागितली होती, त्यात "चालू" की "नादुरुस्त" असे दोनच रकाने. आम्ही "चालू" लिहून शेऱ्यात "जादा पंखा येणे बाकी" असं टाकलं. पीडीओ (ग्रामपंचायतीचे विकास अधिकारी) साहेब हसले, पण राहू दिलं.

पंखा बदलणं अवघड नाही, पण क्रम पाळा. आधी किल स्विचची दोरी काढा आणि प्लगच्या केबली सोडवा, म्हणजे मशीन चुकूनही सुरू होणार नाही. कॉटर पिन, म्हणजे नट सुटू नये म्हणून घातलेली वाकवायची पिन, सरळ करून काढा. पातं आणि वरची आडवी पट्टी यांच्या मधे लाकडाचा ठोकळा अडकवा, पंखा फिरायचा थांबतो, मग नट सोडा. वॉशर, स्पेसर ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं फडक्यावर मांडा आणि फोटो काढा. शाफ्टला पाण्यानं न धुपणारं मरीन ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वर्षी पंखा हातोड्यानंही निघणार नाही. थ्रस्ट वॉशरच्या मागं धागा आहे का ते बघा. कॉटर पिन दर वेळी नवी घाला, जुनी पुन्हा वाकवली की तुटते. आमच्या बोटीत आता एका डब्यात पाना, पक्कड, पिना, जादा नट आणि तो ठोकळा असतो, सगळं दोरीनं एकमेकांना बांधलेलं. पुराच्या पाण्यात पडलेला नट परत मिळत नाही.

गिअरकेसवर जो स्वतः झिजून बाकीचा धातू गंजण्यापासून वाचवणारा तुकडा असतो, ज्याला अ‍ॅनोड म्हणतात, तोही याच वेळी पाहिला. गोव्यात मिळतो तो जस्ताचा, खाऱ्या पाण्यासाठी. गोड्या पाण्यात जस्तावर थर धरतो आणि त्याचं काम मंदावतं, म्हणून आम्ही अ‍ॅल्युमिनियमचा मागवला.

मे अखेरीस नवा पंखा चढवून तीच भरलेली बोट पुन्हा पळवली. ४,८५० फेऱ्यांना ताशी २७ किलोमीटर. पेट्रोलचा हिशोब अजून नीट लागलेला नाही, पण उचल चांगली आहे, आणि आप्पा मशीनच्या आवाजावर समाधानी आहेत. मोकळ्या बोटीत मात्र पहिल्यापेक्षा कमी पळते, हे कबूल करायला हवं. पोरं अजून अधूनमधून टोमणा मारतात.

धातू कुठलाही असो, एक नियम आम्ही मंडळात लिहून लावलाय. माणूस पाण्यात असताना आणि त्याला बोटीत ओढून घेताना मशीन बंदच. न्यूट्रल चालणार नाही, बंद. स्टेनलेसची पातळ कड तर सुरीच असते, पण अ‍ॅल्युमिनियमही पाय तोडायला पुरेसा आहे.

स्टेनलेस कुणी घ्यावा? ज्यांचं पाणी खोल आणि ओळखीचं आहे, मशीन मोठं आहे, बोट बहुतेक मोकळी पळते आणि वाळूनं पाती झिजतात, त्यांनी जरूर घ्यावा. मालवणवाल्यांना तो सोसतो, कारण त्यांचे रोजचे रस्ते ठरलेले आहेत. हिडकलच्या किंवा नविलतीर्थच्या भरल्या जलाशयात बोट चालवणाऱ्यांनीही विचार करायला हरकत नाही. फक्त उन्हाळ्यात हिडकलचं पाणी उतरलं की जुनं विठ्ठल मंदिर वर येतं, आणि ते वर यायच्या आधी काही काळ पाण्याच्या जेमतेम खाली असतं, हे ध्यानात ठेवावं.

टॅकोमीटर आमच्याकडं पडून असतो. काठावरच्या कुठल्या गावाला आपल्या बोटीची चाचणी घ्यायची असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीत, बरगे असताना, घेऊन जा. माणसं भरूनच मोजा, आणि पेट्रोल तुमचं.